भारताच्या जर्सीतले आबा

आमच्या आबांनी मरणाआधी माझ्यावर एकच काम सोपवलं, आणि ते मी अगदी मन लावून बिघडवलं.

आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी भारताकडून फुटबॉल खेळलेले, सेंटर फॉरवर्ड, तेही अनवाणी! पुढे गिरणीत लागले, गुडघा गेला, मग गिरणीही गेली. उरला तो आमच्या चिंचपोकळीच्या खोलीतला संघाचा काळवंडलेला फोटो. "यात मी कुठला, सांग?" असं ते मला रोज विचारायचे. "हा काय, इथे," म्हणत मी भिंतीच्या दिशेने बोट करायचो. (नजर मोबाइलवर!)

"मी गेल्यावर आधार कार्डावरचा फोटो लावू नकोस," हॉस्पिटलात ते म्हणाले. "त्यात मी मेलेलाच दिसतो. भारताच्या जर्सीतला लाव."

ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चाळीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता. संघाचा फोटो बघून फ्लेक्सवाल्याने विचारलं, "दादा, यातले तुमचे वडील कोण?" अकरा जण, अकरा मिशा! मी छातीठोकपणे एकावर बोट ठेवलं.

दहा फुटी फ्लेक्स लागला. "कान जरा वेगळे वाटतात हो," बायको म्हणाली.

"अगं, वयानुसार कान वाढतात!"

मोतीबिंदूवाली आत्या तर फ्लेक्सला हात लावून रडली. "माझा दादा! अस्साच दिसायचा!" मग मीही रडलो. खरंच रडलो.

कार्यक्रमाला खोताच्या वाडीतून डॉमनिक अंकल आले. आबांच्या संघातले लेफ्ट विंगर, नव्वदीपुढचे, हातात काठी. फ्लेक्ससमोर टोपी काढून बराच वेळ उभे राहिले. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा," ते हळूच म्हणाले, "मी कधी गेलो रे?"

फ्लेक्सला हार, पुढे मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतली चाळभर माणसं! "अंकल, आत्ता उतरवतो..."

"ऱ्हाऊ दे, लोक बसलेत. तुझ्या बापाने जन्मात मला बॉल नाय दिला. सगळे गोल ह्याचे, पेपरात फोटो ह्याचा. आज चुकून का होईना, माझा लागला." त्यांचे डोळे भरले. "पण तो असता तर लय चिडला असता रे."

चिडले असतेच. एवढं एकच मागितलं होतं त्यांनी.

कार्यक्रम उरकल्यावर अंकल खोलीत आले, भिंतीवरचा फोटो उतरवायला लावला आणि माझं बोट धरून एका चेहऱ्यावर ठेवलं. "हा तुझा बाप. बघ, बॉल मांडीवर घेऊन बसलाय. फोटोतपण सोडला नाय!"

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. पसरट नाक, जाड भुवया, सुपासारखे बाहेर आलेले कान. तीस वर्षं रोज सकाळी दाढी करताना मी हेच तोंड आरशात बघतोय, आणि ते बापाचं आहे हे सांगायला मला डॉमनिक अंकल लागले!