ट्वीटर वाजत नाही

अण्णांच्या गाडीत मी स्पीकर बसवले तेव्हा माझ्याएवढं शहाणं आमच्या कानडी शहरातल्या अख्ख्या बसवनगुडी भागात कोणी नव्हतं, अशी माझी खात्री होती. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता, नोकरी लागली होती आणि हातात स्वतःचं सोल्डरिंग आयर्न होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. पत्रा ठोकणाऱ्या प्रेस-शॉपमध्ये एकतीस वर्षं काढून ते नुकतेच रिटायर झाले होते, आणि त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती, जुनी पांढरी फियाट. तिच्यात त्यांना एकच चैन हवी होती: आमच्या मराठी मंडळींच्या शनिवारच्या भजनाची कॅसेट चांगल्या आवाजात ऐकायची. त्या भजनात अण्णा स्वतः टाळ वाजवायचे. हे सुख त्यांना लेकीच्या हातून मिळावं, असं मला फार वाटत होतं.

साधे स्पीकर बसवणं मला कमीपणाचं वाटलं. शिवाजीनगरच्या एका दुकानातून मी कंपोनंट सेट आणला. दारात बसवायचे दोन मोठे वूफर, काचेच्या कोपऱ्यात लावायचे दोन चिमुकले ट्वीटर आणि क्रॉसओव्हर नावाच्या दोन डब्या. क्रॉसओव्हरचं काम घरातल्या थोरल्या जावेसारखं असतं. मृदंगाचा जाड आवाज वूफरकडे, टाळांचा बारीक आवाज ट्वीटरकडे, ज्याचं त्याला वाटून द्यायचं. दुकानदाराने एक युक्तीही सांगितली: वूफरच्या तारांना घड्याळातला सेल क्षणभर टेकवायचा, पडदा बाहेर उचलला की प्लस-मायनस बरोबर. ट्वीटरला मात्र चुकूनही सेल लावायचा नाही, तो जळतो.

दोन रविवार आम्ही दोघं अंगणात गाडीत वाकून होतो. दारातली भोकं अण्णांनीच कापली. पत्र्याला माझा हात त्यांनी लागू दिला नाही. कापलेली कड बोटाने चाचपून, कानशीने घासून, पुन्हा चाचपून मगच त्यांनी कानडीत "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हटलं. मी सेल टेकवला आणि वूफरचा पडदा उचलला गेला, तेव्हा ते लहान मुलासारखे हसले.

दुसऱ्या रविवारी दुपारच्या आत सगळं जोडून झालं. आई पदराला हात पुसत बाहेर आली. मी कॅसेट लावली.

"अय्यो, समोर बसून म्हणतायत की!" आई म्हणाली.

अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. "मृदंग छान आलाय," ते म्हणाले. "टाळ कुठं गेले?"

"वाजतायत की, अण्णा."

"नाही गं. ट्वीटर वाजत नाही. स्वल्प बघ जा."

मी बघितलं. तारा सोडून पुन्हा जोडल्या. क्रॉसओव्हरवर ट्वीटरचा आवाज चढवायचं एक बटण होतं, तेही वर केलं. मला ते आता कर्कश वाटायला लागलं होतं, पण अण्णांची मान नकारार्थीच हलली. माझं डोकं फिरलं. मी फाडकन बोलले, "खोट काढल्याशिवाय तुम्हाला चैनच पडत नाही. उगाच नाही भजनात तुम्हाला मागच्या रांगेत बसवलं!"

ते खरं होतं, आणि त्यांची सगळ्यात दुखरी जागा होती. गेले काही महिने अण्णा टाळ इतके जोरात आपटत होते की गाणाऱ्यांचे शब्द बुडायचे. भजन सांगणाऱ्या बुवांनी त्यांना हळूच मागे बसवलं होतं. रिटायर झाल्यापासून ते हट्टी झाले, असं आम्ही घरात म्हणायचो.

माझं बरोबर आहे हे मला दाखवायचंच होतं. मी दोन्ही वूफरच्या तारा काढल्या. आता फक्त ट्वीटर उरले. मग मी आवाज पूर्ण चढवला. टाळांची किणकिण अशी उसळली की आईने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बंद कर गं, कान किटले!"

अण्णा तसेच डोळे मिटून, वाट बघत बसले होते. "हं," ते म्हणाले, "लाव आता."

आईच्या ते आधी लक्षात आलं. "मी हाक मारली की हे भिंतीकडे बघतात," अशी तिची कितीतरी वर्षांची तक्रार होती. कानांवरचे हात खाली घेऊन ती गाडीला वळसा घालून गेली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. अण्णांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग प्लेअरकडे. प्लेअरच्या काचेतून कॅसेटची चाकं फिरताना दिसत होती.

"चालू आहे होय?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली आणि प्लेअर बंद केला.

"प्रेसवर आम्ही कानात कापूस घालायचो," ते म्हणाले. "तेवढा पुरेल असं वाटायचं."

मला रडू फुटलं. अण्णा, चुकलं माझं, एवढंच कसंबसं म्हणता आलं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "म्हणजे तुझं जोडकाम बरोबर होतं बघ," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच कौतुक होतं. मी ट्वीटरचं बटण वरच ठेवते म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. "खाली घे. तिच्या कानाला टोचतंय."

पुढच्या शनिवारी भजनात अण्णा मागच्याच रांगेत बसले. आई समोर बायकांमध्ये होती. ती मांडीवर हाताने ठेका धरून होती, आणि टाळ मोठे झाले की हात हळूच खाली दाबायची. अण्णांची नजर तिच्या हातावरून हलली नाही. कितीतरी महिन्यांनी त्यांचे टाळ हलके वाजले.

भजन संपल्यावर बुवांनी त्यांना हाक मारली, पुढच्या वेळेपासून पुढे बसा म्हणून. अण्णांना ते ऐकू गेलं नाही. ते अजून आईच्याच हाताकडे बघत होते.