रुखवतातला मिक्सर

भांडी बाजारात मी शिरलो की दोन-तीन दुकानदार पाठ फिरवून फडताळ आवरायला लागायचे. त्यांचा दोष नाही. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात माझी उभी हयात गेली. समोर आलेली वस्तू सदोष आहे असं धरूनच चालायचं, एवढंच मला येत होतं. खिशात लोहचुंबक असायचं. स्टीलच्या डब्याला ते चिकटलं, म्हणजे स्टील हलकं, की मी काही न बोलता डबा परत ठेवायचो, आणि दुकानदाराला ते न बोलणंच जास्त लागायचं. कढईच्या बुडाची जाडी मोजायला कारखान्यातल्यासारखं व्हर्नियर न्यायचो. बूड सगळीकडे सारखं नाही म्हटल्यावर एक दुकानदार म्हणाला होता, "साहेब, हिच्यात भाजी करायची आहे. हिला आकाशात सोडायची नाहीये."

स्वयंपाकाची मला भारी हौस. सुट्टीच्या दिवशी ओटा माझा, बाकीच्यांनी फक्त जेवायला यायचं. म्हणून नव्वदच्या दशकात मैदानांवर गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शनं भरायला लागली, तेव्हा मी एकही चुकवलं नाही. तिथे माइक लावलेला विक्रेता भाजी चिरायच्या यंत्रावर सपासप काकडी चिरून दाखवायचा. सगळे बघत राहायचे. अहो, काकडी काय, चमच्यानंही चिरली जाते! मी पिशवीतून सुरणाचा तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवायचो. मग त्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक दिसायचं.

आणि एवढं करून मी ते यंत्र घ्यायचोच. खोकं उघडताना येणारा तो नवा वास, थर्माकोलच्या खाचेत बसलेली पाती, एकेक जाळी लावून बघणं, या सुखाला तोड नव्हती. बायको म्हणायची, "घ्यायचंच होतं तर आधी त्या बिचाऱ्याचा जीव कशाला खाल्लात?" तिला कळायचं नाही की जीव खाल्ल्याशिवाय मला वस्तू आपली वाटतच नसे.

पुढे मुलीचं लग्न ठरलं. स्थळ पिंपळगाव बसवंतचं, घरची द्राक्षबाग, मुलगा शिकलेला. त्यांचं घर बघायला आम्ही एकदा जाऊन आलो. रुखवत मांडायचं काम मी कुणालाच दिलं नाही. बायको आणि तिच्या बहिणी लाडवांचे डोंगर आणि साखरेची तुळस करत बसल्या. कुकर, मिक्सर, तवा, पुरणयंत्र हे खातं माझं. सगळं चार महिने आधीच आणलं. बिघडायचं असेल ते गॅरंटीत बिघडू दे, आणि माझ्या घरात बिघडू दे. मुलगी नव्या घरी पहिल्यांदा पुरण वाटतेय आणि मिक्सर जळाला, तर नाव कुणाचं निघेल? तिचंच. या एका भीतीपायी मी कुकरमध्ये हरभरे शिजवले, तव्यावर धिरडी घातली आणि मिक्सरवर आठ दिवस रोज काही ना काही वाटलं. शेवटच्या दिवशी गोडा मसाला. मग सगळं घासून, पुसून, होतं तसं खोक्यात भरलं. आता यात खोट काढून दाखवा, असं मनात म्हणालो.

लग्नाच्या दिवशी रुखवत बघायला पाहुण्या बायकांची झुंबड उडाली. नवऱ्या मुलाच्या आत्याबाई मिक्सरपाशी थांबल्या. त्यांनी भांड्याचं झाकण उचललं, नाक आत घातलं, बोट फिरवलं. ते बघताना मला बरं वाटत नव्हतं, कारण मीही अगदी तसंच केलं असतं.

"वहिनी, हे पाहा," त्या मुलाच्या आईला म्हणाल्या. "वापरेल हाय हा मिक्सर. मसाल्याचा वास मारतोय. नवा नाय."

मी पुढे झालो. चाचणी घेतली होती म्हणून सांगितलं. "घरच्या मिक्सरची कुणी चाचणी घेतं का?" त्या म्हणाल्या. मी घाईघाईनं गॅरंटी कार्ड काढून दिलं. त्यावर दुकानाचा शिक्का होता आणि चार महिन्यांपूर्वीची तारीख. आत्याबाईंनी ती मोठ्यानं वाचली. आजूबाजूच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. घरातला जुना मिक्सर पुसून मुलीच्या गळ्यात मारणारा बाप, असाच मी त्यांना दिसत होतो. मुलाच्या आईनं कार्ड घेतलं, घडी घालून मला परत दिलं आणि झाकण लावलं. बोलली काहीच नाही. त्या न बोलण्याचा अर्थ काय, हे मी जेवणाच्या पंगतीत, आहेराच्या वेळी, सतत तिच्या तोंडाकडे बघून शोधत राहिलो. ती रागावली होती? की तिच्या मनात नणंदेविरुद्ध काही होतं? घरात चालतं कुणाचं, हिचं की आत्याबाईंचं? मला काहीच ठाऊक नव्हतं.

पाठवणीला मुलगी पाया पडली. मी तिला बाजूला घेतलं. "त्या आत्याबाईंपासून जरा जपून," मी हळूच म्हणालो. "आणि सासूचा मला अंदाज येत नाही."

रडून तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता. "बाबा, मिक्सर तुम्ही आठ दिवस चालवून बघितलात. त्या घरात तुम्ही तासभर बसलात."

ती रागानं बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती गाडीत बसली. मांडीवर मिक्सरचं खोकं कुणीतरी ठेवलं. गाडी गेली, आणि मी रस्त्यावर उभा राहून तो तास आठवायला लागलो. कोण काय बोललं, कुणी कुणाकडे बघून उत्तर दिलं, त्या घरातल्या बायका बाहेर येऊन बसल्या होत्या की दारातूनच बोलत होत्या. काहीही आठवेना. पोह्यांत शेंगदाणे भरपूर होते, एवढंच आठवलं.