पोशीरचा वन्समोर

आमच्या नाटक मंडळीत माझं काम पडद्यामागचं. प्रॉम्प्टिंग करायचं, शालूंना इस्त्री करायची आणि वहिनींच्या चहात कोणी साखर तर घातली नाही ना, हे बघायचं. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. कर्जत-खालापुरात संगीत नाटकाचा विषय निघाला की लोक त्यांचं नाव घेतात आणि मग मला विचारतात, "तुम्ही त्यांच्या जाऊ ना? तुम्हीपण गाता का?" मी गात नाही. मी संहिता हातात घेऊन विंगेत उभी राहते आणि बाकीचे जे विसरतात ते मला आठवत असतं. या कामाचं कौतुक कोणी करत नाही, म्हणून माझं मीच करून घेते.

मंडळी हौशी, पण शिस्तीची. दर हंगामात दोन नाटकं. एक जुनं, नांदीपासून भरतवाक्यापर्यंत साग्रसंगीत, राजकन्या, शालू, दागिने आणि अंकागणिक पदं. दुसरं नवं, आपल्याच भागातल्या कोणीतरी लिहिलेलं, तेही गाण्यांचं. जुन्याला खुर्च्या पुरत नाहीत आणि नव्याला त्या उरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मंडळी सुरू करणाऱ्यांनी घालून दिलेला नियम आम्ही मोडत नाही. त्यांचा दुसराही एक नियम होता: जुन्यात ज्याचा पहिला मान, नव्यात त्याचा शेवटचा. म्हणजे जुन्या नाटकाच्या नायकाने नव्यात हवालदार व्हायचं, नाहीतर पाणी आणून द्यायचं.

हा नियम सगळ्यांना लागू होता, फक्त वहिनींना नव्हता. त्यांचं गाणं नसेल तर तिकीट कोण काढणार? म्हणून प्रत्येक नव्या नाटकात कुठेतरी खुंटी ठोकून त्यांचं एक पद टांगलं जायचं. एका नाटकात त्या सातबारा घ्यायला तलाठी कार्यालयात येतात आणि रांगेत उभ्या राहून चक्क भीमपलास गातात. लोकांनी तिथेही वन्समोर दिला. तलाठी झालेला नट बिचारा शिक्का हातात धरून ताटकळत बसला होता. मी हसून हसून पान चुकले.

यंदाचं नवं नाटक मोहोपाड्याच्या एका केमिस्टने लिहिलं. दिवसभर कारखान्यात नळ्या हलवायच्या आणि संध्याकाळी नाटक लिहायचं, असा माणूस. गोष्ट साधी. घरचं भाताचं शेत बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकायचं की नाही, यावरून एका घरात भांडण लागतं. बाप आणि मुलगा विकायच्या बाजूने, मुलगी विरोधात आणि आई गप्प. मुलीला एक सुंदर पद होतं. आईलाही लेखकाने रिवाजाप्रमाणे एक दिलं होतं. वाचन संपलं तशी वहिनींनी शांतपणे सांगितलं, "आईचं पद काढा. ही बाई गाणारी नाही."

आमचे व्यवस्थापक खुर्चीतून उठलेच. खोपोलीच्या शिळफाट्याला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ते नाटकाकडेही खिळे मोजल्यासारखं बघतात. "बाई गाणार नाहीत? मग माणसं काय तांदूळ पाखडलेले बघायला येणार?"

"येऊ देत की," वहिनी म्हणाल्या. "पाखडणं मला चांगलं येतं."

मुलीचं काम करणारी पोर खोपोलीत एका लॅबमध्ये नोकरीला होती आणि सुट्टीच्या दिवशी वहिनींकडे गाणं शिकत होती. आवाज गोड, पण वहिनी रंगमंचावर असल्या की तिच्याकडे कोणी बघणार नाही, हे तिलाही माहीत होतं. घरी आल्यावर मी वहिनींना विचारलं, "एवढा हट्ट कशाला?" त्या भाजी चिरत होत्या. "मी गायले तर लोक माझं गाणं घेऊन घरी जातील," त्या म्हणाल्या. "मग तिचं कोण नेणार?" मला राग आला. इतकं मोठं मन असलेल्या माणसाबरोबर एका घरात राहणं सोपं नसतं.

व्यवस्थापकांनी अखेर मान डोलावली, पण एका अटीवर. पहिला प्रयोग पोशीरला होता. तिथे हे नाटक पडलं तर ते बंद आणि पुढच्या वर्षापासून मंडळी फक्त जुनी नाटकं करणार. नव्याचं खूळ कायमचं संपलं. लेखकाचा चेहरा पडला आणि त्या पोरीचा तर त्याहून.

आता पोशीरच का, ते सांगते. ते वहिनींचं माहेर. भातशेतीवाल्यांचं घर. या घरातली मुलगी आमच्या कर्जतच्या मास्तरांच्या घरात सून म्हणून आली, तेव्हा सासूबाईंनी तिच्या तोंडातलं हाय-नाय मोठ्या चिकाटीने घालवलं. मी लग्न होऊन आले तोवर वहिनी छापील पुस्तकासारख्या बोलत होत्या. जुन्या नाटकांतली ती जड वाक्यं त्यांच्या तोंडी शोभतात, त्यात सासूबाईंचाही हात आहे.

आणि पोशीरला दादा होते. वहिनींचे मोठे भाऊ. लहानपणी वहिनींना सायकलवर मागे बसवून ते नेरळला गाण्याच्या गुरुजींकडे नेत आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसून राहत. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं सांगतही. पण दरवर्षी पोशीरच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पहिला वन्समोर त्यांचाच असायचा. गावाच्या कमिटीला खरं तर जुनंच नाटक हवं होतं. "बाई हायत ना त्यात? मग चालंल," असं म्हणून कमिटीवाले तयार झाले. बाई गाणार का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

तालमीत वहिनींनी आणखी एक उद्योग केला. केमिस्टने आईची वाक्यं बातम्यांसारखी शुद्ध लिहिली होती. वहिनींनी ती एकेक करून आपल्या माहेरच्या बोलीत फिरवली. रोज नवीन खाडाखोड, आणि सगळी माझ्या प्रतीत. मी वैतागायचे, पण मजाही वाटायची. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा "नाय" ऐकत होते. ते इतकं अलगद यायचं की जणू कधी गेलंच नव्हतं.

प्रयोग भातकापणी आटोपल्यावर होता. गावातल्या निम्म्या लोकांना सकाळची शिफ्ट, म्हणून कमिटीने संध्याकाळी सहाचीच वेळ ठेवली होती. देवळासमोरचा मंडप गच्च भरला. पहिला अंक बरा गेला, पण मंडप वाट बघत होता. विंगेतून मला ते कळत होतं. वहिनी आल्या की कुजबुज थांबायची, त्या नुसतं बोलून गेल्या की परत सुरू व्हायची.

दुसऱ्या अंकात त्या जमिनीवर बसून तांदूळ पाखडतात आणि मुलगी मागून येऊन विचारते, "आय, तू का गं काय बोलत नायस?" त्यावर आईने नुसतं वर बघायचं आणि मग मुलीचं पद सुरू, असं ठरलेलं. वहिनींनी वर बघितलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून दादांचा आवाज आला, "बाय, म्हण गं!"

झालं. सगळा मंडप तेच म्हणायला लागला. "होऊ द्या! बाई, होऊ द्या!" मागून कोणीतरी जुन्या नाटकातलं त्यांचं गाजलेलं पद मागितलं. आणि मग जे झालं ते आमच्याच मंडळीत होऊ शकतं. आमचे ऑर्गनवाले काका इतकी वर्षं वहिनींना साथ करत आलेत की लोकांनी हाक मारली की त्यांची बोटं आपोआप त्या पदाच्या सुरावर जातात. ती गेली. ऑर्गनवर त्या जुन्या पदाची सुरुवात वाजली आणि अख्खा मंडप चिडीचूप झाला. काकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी हात असा मागे घेतला, जणू तव्याला लागला असावा.

पण आता सूर दिलेला होता. समोरच्या विंगेत व्यवस्थापक हात जोडून "गा, गा" अशा खुणा करत होते. ती पोर खांबासारखी उभी. माझ्या हातात संहिता होती आणि या ठिकाणी पुढे काय बोलायचं हे तिच्यात कुठेच नव्हतं. भाऊ समोर बसलेला, माहेरचं गाव बसलेलं, सूर मिळालेला. एक पद म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते आणि नाटक तिथेच संपलं असतं.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. ऑर्गनकडे नाही, लोकांकडे नाही, मुलीकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "मला नाय येत गं गाणं. तू म्हण. मी ऐकते."

मंडपात आधी हसू फुटलं. ज्या बाईने या गावात इतकी पदं म्हटली, ती म्हणते मला येत नाही! पण वहिनी हसल्या नाहीत. त्या खरंच ऐकायला बसल्या, मान थोडी खाली, हात मांडीवर. गाणं न येणारी बाई आपल्या लेकीचं गाणं कशी ऐकेल, तशा. हसू विरलं. पोरीची आणि त्यांची पट्टी एकच, त्यामुळे काकांनी दिलेला सूर तिला चालला. तिने तिथूनच आपलं पद उचललं.

मी त्या बाईला हजारदा गाताना ऐकलं आहे. पण त्या दिवशी ती जशी ऐकत बसली, ते मी विसरणार नाही. ती ऐकत होती म्हणून मंडप ऐकायला लागला. पोर दुसऱ्या कडव्याला पोचली तेव्हा तिचा आवाज मोकळा झाला होता. पद संपलं आणि मागे बायकांच्या बाजूने आवाज आला, "वन्समोर!" मी विंगेत उभ्याउभ्या रडले. प्रॉम्प्टरने रडू नये, अक्षरं दिसत नाहीत.

पडदा पडल्यावर व्यवस्थापक सगळ्यांना सांगत सुटले, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो!" कमिटीच्या माणसाने पोरीच्या हातावर नारळ ठेवला, पुढच्या वर्षी हेच आणा म्हणाला. केमिस्ट एका कोपऱ्यात उभा राहून नुसता चष्मा पुसत होता. वहिनींनी मात्र तोंडाचा रंगही उतरवला नव्हता.

"दादा उठून गेले," त्या म्हणाल्या. "तिचं पद चालू असतानाच. चल गं, जाऊन येऊ."

खरंच, पहिल्या रांगेतली ती लाल खुर्ची रिकामी होती. दरवर्षी प्रयोगाच्या सुरुवातीला फोडलेल्या नारळाची एक वाटी दादांच्या घरी जाते. ती वाटी घेऊन वहिनी पुढे आणि मी मागे. ज्या भावाने गाणं शिकायला नेलं त्याला त्याच्याच गावात, चारचौघांत नाही म्हणून आल्या होत्या. मी समजूत घालणार, तेवढ्यात घर आलं.

दादा ओटीवर बसले होते. आमच्याकडे न बघता म्हणाले, "आवाज गेला का तुझा?"

"नाय," वहिनी म्हणाल्या. घरात येताच बोलीही आली.

"खरं सांग. दाक्तरकडं नेऊ."

वहिनी पायरीवर बसल्या आणि त्या जुन्या पदाची पहिली ओळ म्हटली. हलकेच, तान न घेता. आवाज जिथल्या तिथे होता. मला वाटलं आता दादांचा राग जाईल. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"बास. ते हाय म्हायती मला." मग त्यांनी पहिल्यांदा वहिनींकडे बघितलं. "ते म्हण. मगाशी बोललीस ते."

"कुठलं?"

"सूप खाली ठेवून पोरीला बोललीस ते."

दादाच मग माझ्याकडे वळून सांगायला लागले, "ही ल्हान व्हती ना, तवा आयच्या मागं लागायची. आय तू म्हण, आय तू म्हण. आय तांदूळ पाखडत असायची. ती सूप ठेवायची आन् हिला..." त्यांनी मंडपाकडे हात केला. "मला बसवंना गं तिथं. आयच बसलीवती समोर."

वहिनींच्या हातात ती नारळाची वाटी तशीच होती. दादांनी दरवर्षीचा तो शब्द यावेळी मंडपात नाही, स्वतःच्या ओटीवर, अगदी हळू उच्चारला. "वन्समोर."

वहिनींनी वाटी खाली ठेवली. हात पदराला पुसले.

"मला नाय येत गं गाणं," त्या म्हणाल्या. "तू म्हण. मी ऐकते."

दादांनी डोळे मिटले आणि मान हलवली, गाण्यात सम आल्यावर हलवतात तशी.