वेखंडाचे दोन वेढे

माझी मुलगी दोन वर्षांची होऊन गेली तरी एक शब्द बोलत नव्हती. कान ठीक आहेत, धीर धरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण नाशिकच्या आमच्या कॉलनीत धीर धरू देतं कोण? जिन्यात भेटेल ती बाई "अजून नाही?" विचारायची आणि मी घरात येऊन भांडी आपटायची.

शेवटी इगतपुरीहून सासूबाई आल्या, पिशवीत वेखंडाची मुळी घेऊन. त्यांच्या मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर ते माजलेलं. त्याला फूल आलं काय, गेलं काय, कुणाला पत्ता लागत नाही. सगळा मान मुळीचा. पोट दुखलं की बेंबीभोवती लेप, सर्दी झाली की टाळूवर पूड, आणि जीभ जड असली की मधातून चाटण.

"लय नाय द्यायचं. सहाणेवर दोनच वेढे," त्या मुळी उगाळत म्हणाल्या. "अन् आधी आईनं चाटायचं. पोर बघून शिकतं."

वेखंड कडू, तिखट, आणि वास नाकातून हलत नाही. मध बिचारा नावाला. रोज सकाळी मी हसतमुखाने बोट तोंडात घालायची आणि पुढच्या क्षणी एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा व्हायचा. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. लेक मात्र हसायची नाही. माझ्याकडे टक लावून बघायची, मग मुकाट्याने आपला वाटा चाटायची. पहिला शब्द 'बाबा' असणार अशी नवऱ्याला खात्री होती, पण चाटणाच्या वेळी स्वारी बरोबर आंघोळीला गेलेली असे.

एका सकाळी मी बोट उचललं, तोच लेकीनं पुढे होऊन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. अगदी स्वच्छ.

मला रडूच फुटलं. नवरा ओल्या अंगानं धावत आला आणि शब्द कोणता ते कळल्यावर हिरमुसला.

"म्हटलं व्हतं ना, गुण हाय त्यात," सासूबाई म्हणाल्या. मी वाद घातला नाही. गुण मुळीचा असो की वयाचा, पहिला शब्द तिनं माझ्यासाठी खर्च केला होता, आणि त्या आनंदात मला कुणाशी भांडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाण कोरडीच होती. तरी मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि हळूच तोंडाकडे नेलं. लेक हातातलं खेळणं टाकून धावत आली.