पहिल्या धारेचा तांब्या

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या फाल्गुनात बोरगावजवळच्या एका दारूभट्टीवर दत्तूची जीभ भाजली. आज निपाणीत एका वखारीचं दार उघडलं, सुक्या तंबाखूचा वास आला आणि मला तो दिवस आठवला.

माझे मित्र दत्तू आणि शंकर एकाच व्यापाऱ्याकडे तंबाखूची पारख शिकत होते. पान चुरगळून हुंगायचं, जिभेवर ठेवायचं, मग प्रत सांगायची. दुसऱ्या दिवशी दत्तूची परीक्षा होती. पास झाला तर पारख्याची जागा त्याची.

शंकरनं छकडा जुंपला आणि दत्तूला नि मला नदीकाठच्या दारूभट्ट्या फिरवल्या. शंकर आणि मी प्रत्येक भट्टीवर दारू चाखत होतो. आंबलेल्या गुळाचा वास कपड्यांत मुरला होता.

"एक घोट घे की रं! नवऱ्या मुलीगत काय लाजतोस?" शंकर म्हणाला.

"न्हाय गा. उद्या जीभ पाहिजे. पाणी दे नुसतं."

शंकरनं उन्हात तापलेला तांब्या पुढं केला. दत्तू नेहमीप्रमाणे ओठ न लावता वरून प्याला. आत पाणी नव्हतं, नळीतून नुकतीच उतरलेली दारूची गरम, जहाल पहिली धार होती. तो गुडघ्यांवर कोसळून खोकत राहिला. आम्ही हसलो.

"आरं, ताक पाजा त्येला," भट्टीवाला ओरडला.

सकाळी जिभेवर फोड होते. व्यापाऱ्यानं ओल लागलेलं पान पुढं ठेवलं. दत्तूनं ते चाखून उत्तम म्हणून सांगितलं.

"उद्यापासनं पोती उचलायला ये," व्यापारी म्हणाला.

पारख्याची जागा त्याच आठवड्यात शंकरला मिळाली.