मनगटाच्या वरची निळी रेघ

कोलंबीच्या डोक्यावर करवतीसारखा एक काटा असतो. तो माझ्या उजव्या अंगठ्यात शिरला तेव्हा मी अंगठा तोंडात घातला, चोखला आणि पुढची कोलंबी उचलली. रत्नागिरीच्या बंदराजवळ आमची सोलायची शेड होती. तिथे सगळ्याच बायकांना तो काटा कधी ना कधी लागायचा. बर्फाच्या पाण्यात हात इतके बधिर व्हायचे की दुखतंय हे कळायला घरी यावं लागे.

मी लातूरकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे कामाच्या मागे इथे आले. समुद्र आधी पाहिलेला नव्हता, म्हणून शेडमध्ये माझं नावच पडलं, घाटावरची. मला सांभाळून घेतलं ते पूर्णगडच्या एका मावशीने. ती माझ्याच शेजारी बसून सोलायची आणि तिच्याच खोलीत मी राहायचे.

अंगठा सुजला तसा मावशीने शेडमधल्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात लाल-काळ्या कॅप्सुली असत. कुणाला दवाखान्यातून मिळाल्या आणि बरं वाटल्यावर उरल्या की त्या डब्यात जायच्या. कुणाचं बोट पिकलं की त्यातल्या एकदोन बाहेर यायच्या. पद्धतच होती ती.

"घे गो, टाक तोंडात. सकाळपर्यंत उतरतंय बघ."

"आणि नाही उतरलं तर?"

"घाटावरची माणसं भारी भित्री! काटा नुसता बघून ताप येतो यांना."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ताप खरंच आला. अंगठा वांग्यासारखा झाला आणि एका सकाळी पाहते तर अंगठ्यापासून मनगटाच्या वरपर्यंत एक लाल रेघ निघालेली. मावशीने ती पाहिली आणि लगेच रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यातला पू काढून तपासायला ठेवला आणि मला तिथेच ठेवून घेतलं. मग बॉलपेन घेतलं आणि लाली जिथे संपत होती तिथे हातावर आडवी निळी रेघ मारली.

"ही ओलांडून लाली वर गेली तर मला लगेच सांगायचं."

"गेली तर काय होईल, बाई?"

"मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. अंगठा ठेवायचा की नाही, ते तिथले ठरवतील."

उजवा अंगठा गेला तर सोलणार कशी? आणि सोलायला येत नसेल तर इथे राहणार कशी? खाटेवर पडून मी हेच घोकत होते आणि दर थोड्या वेळाने रेघ बघत होते. दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून डाव्या हाताने नंबर फिरवून आईशी बोलले. सगळं बरं आहे म्हणाले. ती म्हणाली, मग आवाज असा का? म्हटलं, इथे वारा फार आहे.

इंजेक्शनं चालू होती, तरी लाली निळ्या रेघेला टेकली.

तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई मागच्या खोलीतून झाकणाची एक काचेची बशी घेऊन आल्या. आत माझ्या पुवातल्या जंतूंचा पिवळट थर आणि त्यावर कागदाच्या बारक्या टिकल्या. प्रत्येक टिकलीत वेगळं औषध. काही टिकल्यांभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं होतं, तिथे जंतू वाढलेच नव्हते. एका टिकलीला मात्र ते अगदी खेटून वाढले होते.

"ही तुमच्या लाल-काळ्या कॅप्सुलीची. आणि मी देत होते ते इंजेक्शनही त्याच घराण्यातलं. आता बदलते."

"घाबरत नाहीत ते त्याला?" मावशीने विचारलं.

"नाही. औषध मोडायची युक्ती यांच्या जनुकांत लिहिलेली आहे. आणि मावशी, एकाकडे असली की तो तिची नक्कल शेजारच्याला देतो. अर्धंमुर्धं औषध घेतलं की साधे जंतू मरतात आणि युक्तीवाले तेवढे मागे उरतात. शिवाय शरीरात शिरल्यावर त्यांची काही झोपलेली जनुकं जागी होतात, मग बाहेर देत नाहीत तेवढा त्रास ते आत देतात."

मावशी बशीवर वाकली. "म्हणजे आम्ही डबा फिरवतो तसं?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मला मावशीकडे बघवेना. या गावात मला विचारणारी ती एकटी, आणि तिने जे दिलं ते मायेनेच दिलं होतं.

"आणि हा पू, बाई? एवढी घाण कुठून येते?" विषय बदलावा म्हणून मी विचारलं.

"घाण काय म्हणतेस? त्यातल्या बहुतेक तुझ्याच पांढऱ्या पेशी आहेत. रक्तातून धावत तिथे गेल्या, जंतू गिळले आणि तिथेच मेल्या. औषध लागू पडत नव्हतं तेव्हा तेवढ्याच लढत होत्या."

पुढच्या वेळी पट्टी बदलताना नाक मुरडायचं मला जमलं नाही. मी न सांगता, न बोलावता कोण कोण माझ्यासाठी खपलं होतं.

नवं इंजेक्शन सुरू झालं तरी जीव थाऱ्यावर नव्हता. लाली हलली असं वाटायचं, मग वाटायचं आपले डोळेच फसवतायत. मावशी पेज घेऊन आली, माझा हात खिडकीपाशी उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"खाली गेली गो."

"खरं सांग."

"बोट घालून बघ, मधे जागा आहे."

डाव्या हाताचं बोट घातलं. निळी रेघ आणि लाली यांच्यामध्ये माझी साधी, सावळी कातडी होती, बोटभर.

मावशीने पदर ओला केला. "आता पुसते ही शाई, कशी दिसते ती!"

"नको," मी हात ओढून घेतला. "राहू दे अजून."

तिने पदर पिळला आणि मला डाव्या हाताने चमचा धरता येत नव्हता, म्हणून पेज स्वतःच भरवली.