आबा बाजूला सरकले

मी लंडनला निघाले तेव्हा मला सोडायला निम्मं गाव आलं होतं. दोन जीपगाड्या, त्यात माणसं कोंबलेली, आणि सगळ्यात जास्त आवाज आपल्या बायकांचा. आबा पुढच्या सीटवर माझी बॅग मांडीवर घेऊन बसले होते, जशी काही ती कुणी पळवणार होतं. पनवेल मागं पडलं तसे म्हणाले, "रडतेस कशाला, बाय? आपल्याकडं इमानतळ व्हतंय. तू परत येशील तवा दारातच उतरशील." तेव्हा विमानतळ नुसता पेपरात होता. आम्ही सगळे हसलो.

शिक्षण संपल्यावर मी तिथंच एका छोट्या वेबसाइटवर लिहू लागले. ज्यांत ओळखीचा नट नाही, ज्यांना थिएटर मिळत नाही, अशा सिनेमांवर. दिग्दर्शक ईमेलने लिंक पाठवतात, थोड्या दिवसांत ती बंद होते, तेवढ्यात बघून लिहायचं. फोनवर आबांना हे समजावताना माझी दमछाक व्हायची.

"म्हंजे ज्यांना कुणी इचारत नाय ते शिनेमे तू बघतेस? मंग बरं हाय. कुणीतरी बघाय पायजे."

पुढे ते गावभर सांगत सुटले, की जगातला असला एकूण एक सिनेमा आमच्या पोरीकडं जातो. तुम्ही गाववाले त्यावरून त्यांची किती खेचायचात, आठवतंय ना? आता कोण उलव्यात, कोण करंजाड्यात. एकत्र बसून हसायलाही जागा नाही.

विमानतळासाठी गाव उठणार हे मला माहीत होतं. कधी, ते आबा कळू देत नव्हते. घर कसंय विचारलं की म्हणायचे, "हाय तसाच हाय." घर पाडल्यावरच मला समजलं. मी नोकरी सोडून धावत येईन म्हणून त्यांनी आईलाही गप्प बसवलं होतं. नव्या जागेला ओटा नव्हता. दुपारचं कुठं टेकायचं ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात ते गेले, आणि मी मातीलाही पोचू शकले नाही.

त्यानंतर केव्हातरी एक लिंक आली. आपल्याच गावावरची डॉक्युमेंटरी, पुण्याच्या एका मुलीने जमवाजमव करून केलेली. त्या दिवसांत गावात कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन यायचंच, त्यामुळे आबा हिच्याशी बोललेत हे आईच्याही लक्षात नव्हतं.

आबा अंगणात खुर्चीवर बसलेत, मागं आपलं घर. ती जमिनीचं काहीतरी विचारते. उत्तर देता देता आबा थांबतात. कॅमेऱ्यात बघू नका असं त्यांना बजावलेलं असणार. ते सरळ कॅमेऱ्यात बघतात.

"बाय, उद्या पाडतान. बघून घे."

आणि उठून, खुर्ची उचलून डाव्या बाजूला सरकतात. आपण मध्ये असलो तर पोरीला घर कसं दिसेल! पडदाभर घर उरतं. उघडं दार, खुंटीला जाळं, दोरीवर आईची साडी. आबा परत येत नाहीत. पडद्याबाहेरून नुसता आवाज येतो, "झाला का बघून?" आणि चित्र बदलतं.

इतरांनी लिहिलं, ती माणसाविना चौकट म्हणजे दिग्दर्शिकेचा धाडसी निर्णय. मी काहीच लिहिलं नाही. तिला एवढंच विचारलं, आबांचं आणखी काही चित्रण आहे का. नाही म्हणाली, एवढंच.

लिंक बंद होईपर्यंत मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. दर वेळी ते उठायला लागले की मी रिकाम्या खोलीत म्हणायचे, आबा, बसा ना. घराचं काय घेऊन बसलात?

तुमचं घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी पनवेलजवळ म्हणते. डोळ्यांपुढं मात्र ते दार येत नाही. पडद्याची डावी कड येते. तिच्या पलीकडे हातभर अंतरावर आबा खुर्ची धरून उभे आहेत, माझं बघून व्हायची वाट बघत. माझं घर तेवढंच, आणि कॅमेरा तिकडे वळला नाही.